कुंपणाची नीतिसंहिता

कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांनीं म्हणीच्या रूपानें विचारून ठेविला आहे. त्याचें उत्तर मात्र त्यांनीं दिलेलें नाहीं. हल्लीं ही म्हण आम्हांस वारंवार आठवते. कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें बनविणाऱ्या कंपन्याच आज त्या बुद्धीच्या नीतीचे नियम लिहीत आहेत. तत्त्वांच्या याद्या निघतात, सल्लागार मंडळें नेमलीं जातात, 'जबाबदार', 'विश्वासार्ह', 'मानवकेंद्री' अशा विशेषणांची खैरात होते. आणि सामान्य माणूस हें सर्व वाचून किंचित् हंसतो. या हंसण्याचा कित्येक पंडितांस राग येतो. लोकांस यंत्र कळत नाहीं म्हणून ते शंका घेतात, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस तसें वाटत नाहीं. यंत्र न कळणाऱ्यासही व्यवहार कळतो, आणि येथें शंका आहे ती व्यवहाराविषयीं.

या शंकेस इतिहास आहे. ता. ४ जानेवारी १९५४ रोजीं अमेरिकेंतील तंबाखूच्या कंपन्यांनीं ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत एक निवेदन छापून आणलें. लोकांचें आरोग्य ही आमची पहिली जबाबदारी, आणि धूम्रपानाच्या परिणामांचें संशोधन आम्ही आमच्या खर्चानें करवूं, असा त्याचा आशय होता. पुढें ५२ वर्षांनीं, २००६ सालीं, तेथील संघ-न्यायालयानें निकाल दिला कीं या कंपन्यांनीं कित्येक दशकें लोकांची फसवणूक केली. कृत्रिम बुद्धि म्हणजे तंबाखू नव्हे. तिचे उपयोग खरे आहेत, आणि आमचींही कांहीं कामें तिनें हलकीं केलीं आहेत. परंतु नफा ज्याचा त्यानेंच दोषाची चौकशी करावयाची, ही व्यवस्था त्याच घराण्यांतली आहे.

आतां प्रस्तुत विषयाचें उदाहरण घेऊं. गूगल कंपनी अमेरिकेच्या संरक्षण-खात्यासाठीं चालकरहित विमानांनीं टिपलेलीं चलच्चित्रें यंत्राकडून तपासविण्याचें काम करीत आहे, असें २०१८ सालीं बाहेर आलें, तेव्हां तिच्याच हजारों नोकरांनीं सहीनिशीं निषेध केला. त्याच वर्षीं जून महिन्यांत कंपनीचे प्रमुख सुंदर पिचई यांनीं तत्त्वें प्रसिद्ध केलीं. शस्त्रांसाठीं, तसेंच आंतरराष्ट्रीय संकेत मोडणाऱ्या पाळतीसाठीं आपण ही विद्या वापरणार नाहीं, असें त्यांत स्पष्ट होतें. फेब्रुवारी २०२५ मध्यें तें कलम यादींतून निघालें. कारणही सांगण्यांत आलें: जगांत चढाओढ वाढली आहे, आणि लोकशाही राष्ट्रांनीं या विद्येंत पुढें राहिलें पाहिजे. हें कारण अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यावर चांगला वाद होऊं शकला असता. परंतु ज्यानें वचन दिलें त्यानेंच तें परत घेतलें, आणि मधल्या सुमारें सात वर्षांत ज्यांनीं त्यावर विश्वास ठेविला त्यांस विचारण्याचें बंधन कोणावरच नव्हतें. व्रत आणि नियम यांतला भेद आम्ही वर्गांत शिकवितों. व्रत घेणारा तें आपल्या मनानें सोडूं शकतो. नियम सोडावयाचा तर दुसऱ्या कोणाची तरी संमति लागते. कंपन्यांनीं घेतलें तें व्रत, आणि त्यास नांव दिलें नियमाचें.

कोणी म्हणेल, कंपनीच्या आंतच एखादा रामशास्त्री बसविला म्हणजे झालें. रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांचेच पगारदार होते, तरी १७७३ सालीं नारायणरावांच्या खुनाचा दोष राघोबादादांच्या पदरीं घालावयास ते कचरले नाहींत. खरें आहे. पण शास्त्रीबोवा पुणें सोडून गेले म्हणून दादासाहेब गादीवरून उतरले नाहींत. त्यासाठीं बारभाईंस उभें राहावें लागलें. ओपनएआय या संस्थेची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. ती २०१५ सालीं नफा न घेण्याच्या प्रतिज्ञेनें निघाली, आणि पुढें नफ्याची शाखा काढल्यावरही अंतिम अधिकार मूळच्या मंडळाकडे ठेविला होता. ता. १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं मंडळानें तो अधिकार वापरून प्रमुख सॅम आल्टमन यांस दूर केलें. सुमारें ७७० नोकरांपैकीं ७०० हून अधिकांनीं आपणही जाऊं असें कळविलें, भांडवल पुरविणारे अस्वस्थ झाले, आणि पांच दिवसांत आल्टमन यांचें परत येणें ठरलें. ज्या चौघांनीं त्यांस काढलें होतें त्यांपैकीं तिघांनीं जागा सोडल्या. मंडळानें आपलीं कारणें लोकांपुढें नीट मांडलीं नाहींत, हा त्याचा दोष खराच. तथापि कागदावरचा लगाम पहिल्याच हिसक्यास तुटला, हें सर्व जगानें पाहिलें.

याहून सूक्ष्म प्रकार 'घटने'चा. ओपनएआय सोडून आलेल्या मंडळींनीं २०२१ सालीं काढलेल्या अँथ्रॉपिक या कंपनीनें मे २०२३ मध्यें आपल्या क्लॉड नांवाच्या यंत्राची 'घटना' प्रसिद्ध केली. यंत्रानें कोणतें उत्तर बरें मानावें याचीं तीं सूत्रें होत. त्यांतलीं कांहीं संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावरून घेतलीं होतीं, आणि कांहीं ॲपल कंपनी आपल्या ग्राहकांस ज्या अटी घालते त्यांवरून! सूत्रें लपवून न ठेवतां छापलीं, हें चांगलेंच झालें. त्याच वर्षीं सुमारें १,००० अमेरिकन लोकांचीं मतें घेऊन निराळी घटना करून पाहण्याचा प्रयोगही त्या कंपनीनें केला. परंतु हीं यंत्रें आमच्या सोलापूर-साताऱ्यासही उत्तरें देतात, आणि त्या हजारांत येथलें कोणी नव्हतें. आमच्या देशाची घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारली गेली, ती जवळजवळ तीन वर्षांच्या उघड वादानंतर. डॉ. आंबेडकरांनीं मांडलेल्या मसुद्यावर ज्यांनीं कडाडून हरकती घेतल्या, त्यांचींही भाषणें आज छापील वाचावयास मिळतात.

आणि ज्या जाहीरनाम्यावरून यंत्राचीं सूत्रें घेतलीं, तो तरी कसा झाला? त्याच्या पहिल्या कलमाचा मसुदा इंग्रजींत 'ऑल मेन' या शब्दांनीं सुरू होत होता. मुंबईहून घटना-समितीवर गेलेल्या हंसा मेहता त्या वेळीं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर होत्या. 'मेन' म्हणजे सर्वच माणसें, असें समजावणारे तेथेंही होते. परंतु कित्येक देशांत त्याचा अर्थ केवळ पुरुष असाच केला जाईल, हें हंसाबाईंनीं बजावलें, आणि अखेर त्या जागीं सर्व मानवप्राणी या अर्थाचे शब्द आले. फरक एका शब्दाचा. पण ज्यांस तो शब्द बोचत होता त्यांच्यापैकीं एक व्यक्ति त्या मंडळींत बसलेली होती, आणि तिला हरकत घेण्याचा अधिकार होता, म्हणून तो पडला. आज त्या जाहीरनाम्याचें सार यंत्रास पढविलें जातें. तो ज्या रीतीनें सिद्ध झाला ती रीत मात्र बाहेरच राहते.

गतवर्षीं आमच्या कॉलेजांत एका मोठ्या कंपनीकडून कृत्रिम बुद्धीच्या नीतीवर एक अभ्यासक्रम फुकट आला. आम्ही तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकवितों, म्हणून त्याची पुस्तिका आमच्या हातीं देण्यांत आली. छपाई सुबक, भाषा गोड. उतारे चोरूं नका, यंत्राचें उत्तर पडताळून पाहा, दुसऱ्याची खासगी माहिती यंत्रास देऊं नका, इत्यादि उपदेश निर्दोष होता. वर्गांत तो वाचून दाखविला तेव्हां तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, आम्ही काय करूं नये तें सगळें यांत आहे. त्यांनीं काय करूं नये, तें कोणत्या पानावर आहे?" आम्हीं पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. तें पान नव्हतें. तास संपल्यावर तिनें सांगितलें कीं तिच्या थोरल्या भावाचा नोकरीचा अर्ज यंत्रानें चाळून कांहीं मिनिटांतच परत पाठविला होता. कारण विचारण्यास माणूस नव्हता. निवडीची पद्धति पूर्णपणें निःपक्षपाती आहे, एवढें मात्र पत्राच्या तळाशीं छापलें होतें. "तो नालायकही असेल, सर," ती म्हणाली, "पण तसें सांगायला कोणी तरी असावें ना?"

यंत्र ज्यांनीं केलें त्यांसच तें कळतें, बाहेरच्यांनीं नियम केले तर हंसें होईल, असा याउलट युक्तिवाद आहे, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु गिरणींतला बॉयलरही सर्वांत चांगला कळत असे तो तो घडविणाऱ्यासच. १९२३ च्या बॉयलर कायद्यानें त्याची विद्या नाकारली नाहीं. तपासनीस मात्र सरकारनें नेमला, आणि दाखल्यावांचून बॉयलर चालविण्यास बंदी केली. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धीचा कायदा ता. १ ऑगस्ट २०२४ रोजीं अस्तित्वांत आला. तो टप्प्याटप्प्यानें लागू होणारा असून, निषिद्ध ठरविलेल्या वापरासाठीं कंपनीच्या जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत दंड त्यांत सांगितला आहे. सरकारें म्हणजे धुतल्या तांदळाचीं नव्हेत. पाळतीचा मोह त्यांसही आहे. म्हणूनच न्यायालयें, वृत्तपत्रें आणि विद्यापीठें यांनीं जागें राहावयाचें. त्यांतही विद्यापीठांची परीक्षा कठीण. २०१९ सालीं फेसबुकनें म्यूनिकच्या तंत्र-विद्यापीठास कृत्रिम बुद्धीच्या नीतीचें अध्ययन करणाऱ्या संस्थेसाठीं ७५ लाख डॉलर देऊं केले. तेथील विद्वानांच्या सचोटीवर आम्ही शंका घेत नाहीं. पण खाल्ल्या मिठास जागावें, ही शिकवण सर्वच समाजांत आहे, आणि जेवढा माणूस सज्जन तेवढी ती त्यास अधिक लागू पडते.

लोकांच्या हंसण्याविषयींही शेवटीं दोन शब्द बोललें पाहिजे. सगळे एकाच माळेचे मणी, असें म्हणून पुस्तिका बाजूस सारणें सोपें आहे. त्यानें कंपनीचें कांहींच बिघडत नाहीं. हंसून गप्प बसणारा ग्राहक तिला विश्वास ठेवणाऱ्या ग्राहकाइतकाच सोयीचा असतो. शंकेचा उपयोग ती विचारण्यांत आहे. पुढच्या खेपेस असें एखादें सुबक तत्त्वपत्रक आमच्या वाचकांच्या हातीं पडेल, बँकेंत, रुग्णालयांत किंवा मुलांच्या शाळेंत, तेव्हां त्यांनीं त्यांतलीं विशेषणें सोडून द्यावींत. हा नियम बदलण्यास कोणाची संमति लागते, आणि त्यानें ज्याचें नुकसान होईल त्यानें कोणाचें दार ठोठवावयाचें, हें त्यांत लिहिलें आहे काय, तें पाहावें. आणि लिहिलेलें नसेल तर ज्यांनीं तें पत्रक दिलें त्यांस तेथल्या तेथेंच विचारावें.