लांबची, पण लवकरची वाट

कन्येच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयतांनी सॅन फ्रान्सिस्कोस जावे असे ठरले, तेव्हा इंदूरच्या आमच्या घरात पहिला प्रश्न आईने विचारला. "मैल नका सांगू, तास सांगा. मला काही झाले, तर किती वेळात याल?"

उत्तर आम्हांस चटकन देता येईना. तिने नातवंडांचा जुना पृथ्वीगोल काढविला आणि शिवणाच्या दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर धरून दोरा ताणला. तो रशियावरून, उत्तर ध्रुवाच्या बाजूने पलीकडे उतरला. सर्वांत जवळची वाट तीच; सुमारे १२,४०० किलोमीटर. विमान मात्र त्या दोऱ्यावरून जाणार नव्हते.

एअर इंडियाचे दिल्लीहून थेट विमान डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाले, ते अटलांटिक महासागर ओलांडून जाई. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान पूर्वेकडे वळविले गेले. बांगलादेश, ब्रह्मदेश, चीन, जपान आणि मग अफाट पॅसिफिक, असे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर वाढले, आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटला! ही करणी वाऱ्याची. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. अटलांटिकच्या वाटेवर ते विमानाला सामोरे येतात, पॅसिफिकच्या वाटेवर मागून रेटतात. हे सारे आम्ही आईस मोठ्या विस्ताराने सांगितले. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे महेश्वरच्या घाटावरून धारेला लागलेली नाव!"

ऑक्टोबर २०१८ मध्ये पहाटे चारच्या सुमारास आम्ही दिल्ली सोडली. साडेचौदा तास खुर्चीत काढून उतरलो, तो तेथे त्याच तारखेची सकाळचे सहा! वाटेत वाररेषा ओलांडली गेली होती. पाय सुजलेले, अंग आंबलेले, आणि पंचांग म्हणते दोनच तास झाले. आईस फोनवर सांगितले तेव्हा ती पोटभर हसली.

जानेवारीत ती गेली. इंदुरास पहाटेचे पाच वाजले होते. आमच्याकडे आदल्या दिवसाचे दुपारचे साडेतीन. विमान दुसऱ्या सकाळचे मिळाले.  येताना जास्त तास लागले. निरोप मिळाल्यापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत चाळीस तास. पैकी आकाशात सोळा. उरलेले तिकिटासाठी, रात्र सरण्यासाठी आणि दिल्लीच्या विमानतळावर इंदूरच्या विमानाची वाट पाहण्यात गेले. विमानाच्या तासांचा हिशेब आम्ही तिला चोख दिला होता; या तासांचा दिला नव्हता.

दहन आदल्याच दिवशी धाकट्या बंधूंच्या हातून झाले होते. तिसऱ्या दिवशीच्या अस्थिसंचयनास तेवढे आम्ही होतो.

पुढे तिथीचा प्रश्न निघाला. आमच्या गुरुजींनी जेथे देह ठेवला तेथलीच तिथी धरावयास सांगितले, आणि श्राद्ध आम्ही त्याप्रमाणेच करतो. कन्या मात्र तिकडे आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला आजीच्या तसबिरीपुढे निरांजन लावते.