पी/ई चार, म्हणून स्वस्त?

व्याज नको म्हणून बँकेची एफडी टाळणारी बरीच घरं आमच्या नात्यात आहेत. पूर्वी असा पैसा सोन्यात नाहीतर जमिनीत जायचा. आता तो शेअर बाजाराकडेही वळतो आहे, आणि जेवणानंतरच्या गप्पांत पी/ई रेशोही येऊ लागला आहे.

हिशोब सोपा आहे. शेअरचा भाव भागिले एका शेअरमागची वर्षाची मिळकत. भाव 100 रुपये, मिळकत 5 रुपये, तर पी/ई 20. म्हणजे मिळकत अशीच राहिली तर किंमत भरून यायला वीस वर्षं. सगळी गोम ‘अशीच राहिली तर’ या शब्दांत आहे.

2022 च्या उन्हाळ्यात भाचा म्हणाला, “मामू, टाटा स्टीलचा पी/ई फक्त चार! फुकटात मिळतोय.” पैसे त्याच्या अम्मीचे, म्हणजे माझ्या आपाचे होते. निवृत्तीनंतर मिळालेले. त्यातूनच पुढच्या वर्षी घराचा स्लॅब टाकायचा होता. मी त्याला म्हटलं, “आधी गेल्या दहा वर्षांचा नफा एका कागदावर लिहून काढ.”

कागद भरला तेव्हा त्यात तोट्याचीही वर्षं निघाली. 2021-22 चा नफा मात्र सुमारे 41,700 कोटी, कारण कोविडनंतर जगभर पोलादाचे भाव चढले होते. पोलादाचा धंदा असाच भरती-ओहोटीचा. भरतीत मिळकत फुगते, पण ती टिकणार नाही हे बाजाराला ठाऊक असतं. म्हणून भाव त्या प्रमाणात वाढत नाही, आणि पी/ई लहान दिसतो.

पुढे तसंच झालं. 2022-23 मध्ये नफा सुमारे 8,100 कोटींवर आला. मार्च 2022 ते मार्च 2023 मध्ये भाव वीस टक्क्यांच्या आसपास उतरला, तरी पी/ई चारवरून पंधराच्या घरात गेला. 2023-24 मध्ये कंपनी तोट्यात गेली. तोट्यावर पी/ई काढताच येत नाही. गंमत म्हणजे मार्च 2024 चा भाव या तिन्ही मार्चमध्ये सर्वांत वर होता. म्हणजे ‘स्वस्त’ दिसत होता तेव्हा शेअर पडला, आणि आकडाच नव्हता तेव्हा तो चढलेला होता.

बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी 1934 मध्येच सांगून ठेवलंय की एका वर्षाची नव्हे, पाच, सात किंवा दहा वर्षांची सरासरी मिळकत धरा. हे करायला वही आणि एक दुपार पुरते.

आपाने तो कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, “वर्षभराने हे पैसे एवढेच असतील का?” भाचा काही बोलला नाही. पैसे बचत खात्यातच राहिले आणि स्लॅब वेळेवर पडला. दहा वर्षं थांबू शकणाऱ्याचं उत्तर कदाचित वेगळं असतं. पी/ई पाहताना कंपनीची वर्षं मोजावीत, तशी आपल्या हाताशी असलेलीही मोजावीत.