अब्राहामाचे सामान कोणी उचलले?

वाचन : उत्पत्ती ११:२७ ते १२:९



रविवारच्या मिस्सेनंतर आम्ही दोघे मिळून लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. मागच्या महिन्यात अब्राहामाची गोष्ट होती. नेहमीप्रमाणे आम्ही सुरुवात केली : देवाने अब्रामाला हाक मारली, देश आणि बापाचे घर सोडायला सांगितले आणि तो निघाला. फळ्यावर बाण काढला, एका टोकाला हारान, दुसऱ्या टोकाला कनान. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीने हात वर केला. तिचे वडील मालाची गाडी चालवतात. ती म्हणाली, "टीचर, त्यांचं सामान कोणी उचललं?"

मुले हसली, आम्हीही हसलो. बाराव्या अध्यायात उत्तर आहे, म्हणून वाचून दाखवले : बायको साराय, पुतण्या लोट, जमवलेली मालमत्ता आणि हारानात मिळालेली माणसे, असा सगळा लवाजमा बरोबर होता. तिचे समाधान झाले नाही. "आणि त्यांचे पप्पा? ते नाही आले सोडायला?"

वर्ग सुटल्यावर घरी येईपर्यंत आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही. दोघांच्याही मनात दादा होते.

काकतीला आम्ही आलो ते २०१९ च्या मे महिन्यात, श्रीरामपूर तालुक्यातून. हरेगावच्या मतमाउलीच्या छायेत वाढलेली आमची माणसे. बेळगाव भागात ओतकामाचे पुष्कळ कारखाने आहेत, त्यांतल्या एकात स्टोअर सांभाळायची नोकरी मिळाली होती. तिकडे वर्षभर पगार धड होत नव्हता, त्यामुळे निर्णय अवघड नव्हता. अवघड होते ते घरी सांगणे. आई थकलेली होती आणि दादा-वहिनींकडे राहत होती. आम्ही शेजारच्याच वाडीत होतो. दवाखाना, औषधे, रात्री-अपरात्रीचे उठणे हे दोन घरांत वाटलेले होते. आम्ही गेलो की ते सगळे एकाच घरावर पडणार, हे सांगायला कोणी पंडित लागत नव्हता.

आम्ही मात्र ते तसे सांगितले नाही. "प्रार्थना केली, प्रभूने वाट दाखवली," असे सांगितले. दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "प्रभूने तुम्हाला वाट दाखवली, बरं झालं. आईला कोण दाखवणार?" त्यानंतर पास्काच्या सणापासून निघायच्या दिवसापर्यंत ते आमच्याशी बोलले नाहीत.

निघायच्या दिवशी आम्ही एक टेंपो ठरवला होता. दुपारी चारला दारात गाडी वाजली म्हणून बाहेर आलो, तर दादांची पिकअप. याच गाडीतून ते कांदा मार्केटला नेत. मागचा हौदा धुऊन पुसून कोरडा केलेला, नवी ताडपत्री घडी घालून ठेवलेली. "ठरवलेल्याला फोन करून नाही म्हणा," एवढेच बोलले आणि कपाटाला दोर बांधायला लागले.

वहिनींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. आईने पाटा-वरवंटा गाडीत चढवायला लावला. मिक्सर आहे, असे आम्ही दोनदा सांगितले. आई म्हणाली, "लाइट गेल्यावर काय खाणार?" शेवटी दादांनीच तो दगड उचलून हौद्याच्या अगदी पुढे, केबिनला टेकवून ठेवला. पवित्र मरियेची मूर्ती आईने आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आमच्या मांडीवर दिली. मग ती घरात गेली आणि गाडी सुटेपर्यंत बाहेर आली नाही.

पाचशे किलोमीटरांहून जास्त रस्ता, केबिनमध्ये आम्ही तिघे. नगर गेले, पुणे गेले, मध्यरात्री खंबाटकीचा घाट उतरलो. दादा गाडी चालवत होते आणि आमच्यातला एक जण आळीपाळीने त्यांना जागे ठेवायला म्हणून जागा होता. पण बोलायला विषयच नव्हता. कराडच्या पुढे वळवाचा पाऊस आला. वाऱ्याने ताडपत्रीचा एक कोपरा सुटला आणि फडफडायला लागला. त्या पावसात दादा हौद्यावर चढले, दोर पुन्हा आवळला. खाली उतरले तेव्हा नखशिखान्त भिजलेले. आम्ही टॉवेल पुढे केला. "गाद्या कोरड्या आहेत," ते म्हणाले. प्रवासातले त्यांचे पहिले वाक्य ते.

कागल ओलांडले, कोगनोळीचा टोलनाका आला, कर्नाटक सुरू झाले. निपाणी, मग तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरी. उन्हे वर आली तेव्हा काकती. बेळगावच्या मावशींनी भाड्याचे घर आधीच बघून ठेवले होते. चुना मारून, पाण्याचे पिंप भरून त्या स्वतः दारात उभ्या होत्या. सामान उतरवताना शेजारच्या आजी आल्या आणि दादांना कन्नडमध्ये विचारते झाल्या, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झाले का. दादांच्या कानावर फक्त 'आयता' पडला. "नाही आजी, आयतं नाही खात आम्ही," ते म्हणाले, "कष्टाचं खातो." मावशी हसून हसून भिंतीला टेकल्या. अर्थ कळल्यावर दादाही हसले. त्या घरातले पहिले हसू दादांचे, याची आम्हाला आज आठवण येते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्या ठोकल्या, गळका नळ बसवला, मूर्तीसाठी कोनाड्यात लाकडी पाट बसवून दिला. डिझेलचे पैसे घेतले नाहीत. रिकामी गाडी घेऊन एकटेच परत गेले, तोच घाट, तीच रात्र. आम्ही नव्या घरात जपमाळेची प्रार्थना केली आणि देवाचे आभार मानले.

पुढे जे व्हायचे ते झाले. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, आई आजारी पडली. दोन्ही राज्यांत निर्बंध होते, कोगनोळीला चाचणीचा अहवाल तपासत होते. आमच्या हातात अहवाल येईपर्यंत आई गेली होती आणि दफनविधी कोणासाठी थांबणार नव्हता. वहिनींनी धरलेल्या फोनवर आम्ही तो पाहिला. फादर आणि मोजकी माणसे होती. माती लोटताना दादांनी एकदाही फोनकडे पाहिले नाही.

नंतर एका प्रार्थनासभेत आम्हाला साक्ष द्यायला सांगितले. आम्ही उभे राहिलो आणि काकतीला कसे आलो ते सांगितले. अब्राहामासारखे देश सोडून निघालो, प्रभूने रस्त्यात राखले, पावसात सामानाला धक्का लागू दिला नाही, परक्या गावात घर दिले. लोकांनी आलेलुया म्हटले. ताडपत्री कोणी बांधली ते आम्ही सांगितले नाही. खोटे काही बोललो नव्हतो, म्हणून तेव्हा टोचलेही नाही. टोचले ते चौथीतल्या मुलीने विचारल्यावर.

त्या रविवारी दुपारी पवित्र शास्त्र घेऊन बसलो आणि एक पान मागे गेलो. इतकी वर्षे शिकवतो आहोत, पण गोष्ट बाराव्या अध्यायापासूनच. अकराव्याच्या शेवटी स्पष्ट लिहिले आहे की खास्द्यांच्या ऊरमधून निघाला तो तेरह, अब्रामाचा बाप. मुलगा, सून आणि नातू लोट यांना त्यानेच बरोबर घेतले, आणि निघताना जायचे होते ते कनानलाच. हारानला पोहोचल्यावर तो तिथेच राहिला. ऊर म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग असे बहुतेक अभ्यासक मानतात. हारान आजच्या तुर्कस्तानात. नकाशावर बोट फिरवून पाहा, प्रवासाचा लांबचा टप्पा बापाने घडवला. आम्ही फळ्यावर जो बाण काढतो तो उरलेला, आखूड टप्पा आहे.

वयांचा हिशेब केला तर आणखी एक गोष्ट दिसते. तेरह सत्तर वर्षांचा झाल्यावर मुले झाली, अब्राम हारान सोडताना पंचाहत्तरचा होता, तेरह दोनशे पाच वर्षे जगला. म्हणजे मुलगा गेल्यावर बाप साठ वर्षे मागे राहिला. प्रेषितांची कृत्ये पुस्तकात स्तेफन मात्र सांगतो की बाप वारल्यावर अब्राहाम निघाला. विद्वान यावर पुष्कळ लिहितात, तो आमचा प्रांत नाही. पण उत्पत्तीतले साधे आकडे खरे धरले तर हारानात एक म्हातारा होता आणि त्याच्याजवळ कोणीतरी राहिले असेल. अब्राहामाने पुढे इसहाकासाठी सून शोधायला नोकर पाठवला तो मागे राहिलेल्या भावाच्या घराकडेच.

आमच्याकडचे उदाहरण द्यायचे तर लक्ष्मीबाई टिळकांचे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई लहान मुलासह नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. त्या नातलगांना टिळकांचा मार्ग मुळीच मान्य नव्हता. मग त्या नगरला नवऱ्याकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ही आमच्या मते मराठीतली सर्वांत प्रामाणिक साक्ष आहे, कारण बाईंनी तिच्यातून कोणालाच वगळले नाही. रागावलेले, रडलेले, सांभाळणारे सगळे नातेवाईक तिथे आहेत, हशासकट. आम्ही ते पुस्तक दोनदा वाचले होते आणि तरी साक्ष दिली ती तशी दिली.

काकती हे राणी चन्नम्मांचे माहेर. १७७८ मध्ये त्या इथे जन्मल्या, लग्न होऊन कित्तूरला गेल्या. १८२४ ची त्यांची लढाई सर्वांना ठाऊक आहे. मृत्यू १८२९ मध्ये बैलहोंगलला कैदेत झाला. गावातून जाता-येता त्यांचे नाव सतत दिसते. त्यांना सासरी पोहोचवायला इथून कोण कोण गेले असेल, हा विचार मात्र परवा पहिल्यांदा मनात आला.

पुढच्या रविवारी वर्गात आम्ही गोष्ट पुन्हा घेतली. फळ्यावर बाण ऊरपासून काढला. त्या मुलीला सांगितले, पप्पा आले होते, अर्ध्याहून जास्त वाट आले होते. आणि मग दादांचेही सांगितले, पिकअप, पाऊस, आजी, सगळे. आईचेही सांगितले. मुलांना 'आयतं नाही खात' फार आवडले.

संध्याकाळी दादांना फोन लावला. सांगायचे पुष्कळ ठरवले होते, पण वर्गात तुमची गोष्ट सांगितली, एवढेच जमले. साक्षीच्या वेळी तुमचे नाव घेतले नव्हते, तेही कसेबसे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता.

मग दादांनी विचारले, "पाटा वापरता का?"

खरे सांगायचे ठरले होते, म्हणून खरे सांगितले. मागच्या दारी नळाखाली ठेवला आहे, त्यावर कपडे घासतो.

"मग गुळगुळीत झाला असेल," दादा म्हणाले. "नाताळाला येतो आम्ही दोघं. टाकी लावून देतो. छिन्नी-हातोडी आहे का तिकडे, की घेऊन येऊ?"

घेऊन या, म्हणालो.