पानाखालचा कोळी

आमच्या मिशनघराचे आवार बेळगाव शहराच्या कडेला, हमरस्त्याला अगदी लागून आहे. भिंतीलगत गुलाबाची बावीस झुडपे आहेत. वेदीवरची फुले विकत आणावी लागू नयेत म्हणून आमच्या पूर्वीच्या धर्मगुरूंनी ती स्वहस्ते लावली व जाताना आमच्या स्वाधीन केली. गेल्या वर्षी मार्च महिन्यात त्यांना दृष्ट लागावी तसे झाले. पानांवर सुईने टोचल्यासारखे पांढुरके ठिपके उमटले. पुढे पाने तांबूस पडून गळू लागली आणि शेंड्यांवर तलम जाळी दिसू लागली. आम्ही बाजारातून एक जहाल कीटकनाशक आणून दोनदा फवारले. झाडे सुधारणे दूरच, पंधरवड्यात ती अधिकच करपली. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू आपल्या हातून नष्ट होताना पाहणे किती क्लेशकारक असते, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

त्याच सुमारास खानापूर तालुक्यातील एका खेड्यात एका आजारी गृहस्थास भेटावयास जाण्याचा योग आला. बेळगावाहून खानापूर अवघे पंचवीस-सव्वीस किलोमीटर. पण तेवढ्या अंतरात मुलूख पालटतो. शहराभोवतालची धूळ व उघडी शेते मागे पडतात, फणस-काजूची झाडे दाट होऊ लागतात आणि सह्याद्रीची निळी रेघ जवळ येते. मलप्रभा नदी याच तालुक्यात, कणकुंबीजवळ उगम पावते. खानापुराजवळ ती उन्हाळ्यात क्षीण झालेली असली, तरी काठची सावली डोळ्यांना निववते.

आजाऱ्याची भेट आटोपून आम्ही निघालो, तोच शेजारच्या आजींनी चहासाठी थांबवून घेतले. त्यांच्या घरामागे लहानसे परडे होते : वांगी, भेंडी, घेवडा आणि कडेला दोन गुलाब. या परड्यावरच त्यांचा एकटीचा संसार चालतो. आठवड्याच्या बाजारी भाजी विकून येईल तेवढाच पैसा. आम्ही आमच्या गुलाबांची कहाणी सांगितली. आजींनी ती ऐकून घेतली आणि एकच प्रश्न केला :

“फादर, पानं उलटून बघितलासा काय?”

आम्ही निरुत्तर झालो. तेव्हा त्या आम्हांस गाडीवाटेच्या कडेला असलेल्या वांग्यापाशी घेऊन गेल्या. त्याच्या पानांवर धुळीचा थर होता. पान उलटून त्यांनी ते आमच्या वहीच्या कोऱ्या कागदावर झटकले. कागदावर मिरीपुडीसारखे कण पडले आणि क्षणभराने ते कण चालू लागले! मग न्हाणीजवळच्या वांग्याचे पान झटकले; कागद स्वच्छच राहिला. एकच परडे, एकच बियाणे. पण एका झाडावर रोज धूळ बसत होती आणि दुसऱ्याला ओलावा व सावली मिळत होती.

हा जीव म्हणजे लाल कोळी. तो कीटकच नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि घरातला कोळी, गुरांची गोचीड ही त्याची भावकी. आकार अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पानाच्या खालच्या बाजूस बसून तो एकेका पेशीतील रस शोषतो. वर दिसणारे ठिपके म्हणजे त्या रित्या झालेल्या पेशी. उष्ण व कोरड्या हवेत अंड्यातून निघालेला कोळी आठवडाभरात स्वतः अंडी घालू लागतो आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. धूळ आणि तहानलेले झाड ही त्याची आवडती वस्ती.

“आणि औषध मारून तो वाढला कसा?” आम्ही विचारले.

“त्याला खाणारे मेले, तो राहिला,” आजी म्हणाल्या.

त्यांच्या या पाच शब्दांत पुष्कळ शास्त्र आहे. कोळ्यावर जगणारे इवलेसे काळे ढालकिडे असतात. कोळ्याचेच भाऊबंद असलेले, पण चपळ असे शिकारी कोळीही असतात. अनेक कीटकनाशके या मित्रांना मारतात आणि कोळ्याला मोकळे रान देतात. हॉलंडमध्ये यान कॉपर्ट नावाच्या काकडीच्या बागाईतदाराने १९६७ साली फवारण्या सोडून असे शिकारी कोळी आपल्या काचगृहात सोडले व त्यातून पुढे एक मोठा व्यवसाय उभा राहिला. आम्ही मात्र आमचे रखवालदार स्वतःच्या हाताने मारून टाकले होते.

आजींचा उपाय साधा होता. पहिले औषध पाणी. सकाळच्या वेळी पाने खालून जोराच्या धारेने धुवावी. असे लागोपाठ तीन-चार दिवस करावे. फार करपलेली पाने तोडून जाळावी किंवा पुरावी, आवारात टाकू नयेत. एवढ्याने न भागल्यास निंबोळीचा अर्क. निंबोळीचा पन्नास ग्रॅम गर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावा, दुसऱ्या दिवशी फडक्याने गाळावा, त्यात अंगाच्या साबणाचा लहानसा तुकडा विरघळवावा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारावा. कपडे धुण्याची पूड वापरू नये. तिने पाने भाजतात. आधी एका फांदीवर करून पाहावे. अंडी यातून वाचतात, म्हणून पाच-सहा दिवसांनी पुन्हा, असे तीनदा करावे. तंबाखूचा काढा नैसर्गिक असला, तरी तो विषारी आहे व मित्रकिडेही मारतो. तो टाळलेला बरा.

खानापूरच्या पावसाळी अंगाला कडुनिंब विरळाच. आजींची लेक गोकाककडे, कोरड्या मुलखात दिलेली. तिकडे आषाढात कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. लेक त्या वाळवून पिशवीभर आईला धाडते. ज्या मुलखात धूळ आणि ऊन फार, त्याच मुलखात त्यावरचे औषधही देवाने उगवून ठेवले आहे, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले. निघताना आजींनी त्यातली ओंजळभर निंबोळी आमच्या पिशवीत घातली. आम्ही पैसे देऊ केले. त्यांनी हात मागे घेतला.

परत आल्यावर आम्ही रोज पहाटेच्या प्रार्थनेनंतर बादली व पिचकारी घेऊन बागेत जाऊ लागलो. झुडपांच्या बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घातले. रस्त्याच्या बाजूला मेंदीचे कुंपण लावले, म्हणजे पुढेमागे धूळ अडेल. दोन झुडपे गेली. ती वाचवता आली नाहीत. पण जूनच्या पहिल्या सरींपर्यंत उरलेल्या विसांना कोवळी पालवी फुटली. यंदाच्या मार्चमध्ये कोळी पुन्हा दिसला, परंतु थोडा. आणि एका सकाळी उलटलेल्या पानाखाली एक काळा ढालकिडाही दिसला. तो पाहून आम्ही पिचकारी खाली ठेवली.

आता आमच्या वहीत एक कोरा कागद नेहमी असतो. पान फिकट दिसले की प्रथम ते उलटून पाहतो, मग कागदावर झटकतो. औषधाची गोष्ट त्यानंतर. वाचकांपैकी ज्यांच्या दारी गुलाब वा वांगी असतील, त्यांनीही एवढे अवश्य करावे.