लिहिणाऱ्यांना घर देताना

सासऱ्यांनी मुरबाडच्या पुढे बांधलेलं कौलारू घर आणि भोवतालची वाडी आमच्या वाट्याला आली, तेव्हा घरात दोन मतं होती. विकून टाकायचं, नाहीतर शनिवार-रविवार पार्ट्यांना भाड्याने द्यायचं. तिसरं मत आमच्या वाचनगटातून आलं. तिथली एक मैत्रीण म्हणाली, “आम्हाला दे. आम्ही तिथे फक्त लिहू.” मी होकार दिला आणि मग कळेना, की म्हणजे मी नेमकं काय करायचं?

मी ठाण्यात टेंभी नाक्यावर राहते. आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेलं इथलं नवरात्र मी वर्षानुवर्षं पाहते आहे. कळव्याहून देवीची मिरवणूक येते, मग नऊ दिवस रस्ता माणसांनी फुललेला असतो. ती गजबज मला मनापासून आवडते. पण आमच्या गटातल्या लिहिणाऱ्यांची अडचण नवरात्रापुरती नव्हती. एकीला आईचं चरित्र लिहायचं होतं. आईने जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केलेली. चेंदणी कोळीवाड्यातली एक आपल्या मावशीच्या मासळीच्या धंद्यावर लिहीत होती. एका निवृत्त शिक्षकांची कादंबरी पाचव्या प्रकरणावर अडली होती. सगळ्यांकडे लिहिण्यासारखं होतं, रोज थोडा वेळही मिळत होता. मिळत नव्हता तो सलग वेळ. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये टिपण होतं, प्रकरण होत नाही.

शिबिरं मी पाहिली होती. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, सत्रं, शेवटी आभार. साहित्याचे मोठे सोहळेही आपल्या भागाला नवे नाहीत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात २०१० मध्ये झालं, डोंबिवलीत २०१७ मध्ये. पण ज्यात कुणी बोलायचंच नाही, अशा कार्यक्रमाची तयारी कशी करतात, हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. म्हणून वाचायला बसले.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकडॉवेल नावाची जागा आहे. संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांची पियानोवादक पत्नी मॅरियन यांनी ती १९०७ मध्ये सुरू केली. पुढच्याच वर्षी एडवर्ड वारले, त्यानंतर मॅरियनबाईंनी ती जिद्दीने चालवली. रानात विखुरलेल्या खोल्यांमध्ये कलावंत काम करतात, आणि दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवलं जातं. बोलावल्याशिवाय कुणाच्या खोलीत जायचं नाही, हा तिथला नियम. इंग्लंडमधल्या आर्व्हन संस्थेची रीत वेगळी. १९६८ पासून चालणाऱ्या या संस्थेच्या जुन्या घरांमध्ये शिकवणारे लेखक असतात आणि रात्रीचा स्वयंपाक शिकायला आलेले आळीपाळीने करतात. आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘संगम हाउस’ने भारतीय भाषांतल्या लेखकांसाठी अशी सोय केली, बेंगळुरूजवळच्या नृत्यग्राममध्येही त्यांचे मुक्काम झाले. आणि मराठीतलं उदाहरण तर सांगली जिल्ह्यात माडगुळ्यालाच सापडलं. तिथल्या शेतातल्या साध्या पत्र्याच्या घराला लोक ‘बामणाचा पत्रा’ म्हणतात. गदिमा शहरातून येऊन तिथे लिहायला बसत. लिहिण्यासाठी घर सोडून शेतावर जाणं आपल्याला परकं नाही, एवढा धीर मला त्यातून आला.

भाऊबीज उरकली आणि आम्ही टेंभी नाक्यावरून गाडी करून निघालो. शहाड, कांबा, रायते, गोवेली. दोन्ही बाजूंना भातकापणी चालू होती. वाडीत प्राजक्ताचा बहर सरत आला होता, सोनचाफ्याला तुरळक फुलं होती, चिकूला नुकती फळं धरली होती. एवढ्या झाडांत माणूस आपोआप लिहायला लागेल, असं मला वाटत होतं. पण लिहायला आधी टेबल लागतं. जुन्या घरात खाटा, पाट, दिवाण सगळं होतं, टेबल मात्र एकच. तुळशीचं लग्न व्हायचं होतं, म्हणजे लग्नसराईला अवकाश होता. त्यामुळे मंडपवाल्याकडे टेबलं मोकळी मिळाली. ती जेवण मांडायची, उंच. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यावर लिहायचं तर कोपर खांद्याच्या पातळीला येत होतं. मग खुर्चीवर गादीची घडी घातली आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली देवघराजवळचे पाट दिले. तेव्हा कुठे हात कागदावर नीट टेकला. खोल्यांतले पिवळे दिवे काढून पांढरे लावले. पाण्याचा पंप सकाळी नऊला घरघरायचा, तो पहाटे लावायला सांगितला. या घरात माझं काम काय, ते अशा गोष्टींतून मला हळूहळू समजत गेलं.

पहिल्या सकाळी कादंबरीवाले सर अंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर आले आणि म्हणाले, “सत्र किती वाजता?” सत्र नाही म्हटल्यावर ते बराच वेळ वाडीत फिरत राहिले. नर्सबाईंची मुलगी तर न्याहारी करून झोपली, ती दुपारी जेवायलाच उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. मला काळजी वाटली. उठवावं, तब्येत विचारावी, की पैसे भरून आली आहे याची आठवण करून द्यावी? घर सांभाळणाऱ्या काकूंनी मला अडवलं. “वहिनी, झोपू द्या त्यांना. बाईमाणसाला एवढी झोप कोण देतं?” तिसऱ्या दिवशी ती पहाटे उठली आणि लिहायला बसली, ती दुपारपर्यंत जागची हलली नाही.

काकूंशी माझा वाद झाला तो डब्यावरून. मॅकडॉवेलसारखं दुपारचं जेवण दाराशी ठेवायचं मी ठरवलं होतं. त्यांना ते मुळीच पटलं नाही. “पाहुण्यांना असं दाराशी जेवण ठेवून जायचं? वाढल्याशिवाय पाहुणा जेवतो का?” त्यांचं म्हणणं मला नाकारता येईना. शेवटी दुपारी डबा आणि रात्री पंगत, असं ठरलं. रात्री काकू स्वतः वाढायच्या, आग्रह करायच्या. दिवसभर गप्प राहिलेली माणसं त्या पंगतीत मोकळी व्हायची.

आलेल्या बायकांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा नियम मात्र माझा होता आणि मी त्यावर ठाम होते. तरी कोळीवाड्यातली मैत्रीण रोज अकराच्या सुमाराला काकूंजवळ येऊन बसायची. काकूंनी भिजवून मोड आणलेल्या कडव्या वालांचं पातेलं तिच्यापुढे सरकवलं. ती बिरडं सोलू लागली. एक दाणा चिमटीत धरायचा, साल सुटली की डाळ परातीत आणि टरफल बाजूला. मी तिला उठवणार होते. तेवढ्यात ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “थांब, मावशी बाजारात काय बोलली ते आठवतंय.” थोड्या वेळाने ओल्या हातांनीच ती खोलीकडे गेली. त्यानंतर नियम मी बदलला. स्वयंपाक कुणाच्या गळ्यात पडणार नाही. ज्याला हाताला काम हवं, त्याने जरूर यावं.

सगळ्यात अवघड होता फोन. रेंज फक्त फाटकाशी होती. सगळ्यांच्या घरी माझा नंबर दिलेला होता, त्यामुळे दिवसभर मीच फाटकाशी असे. कपाटाची किल्ली कुठे आहे, गॅसवाला आलाय, शाळेच्या ग्रुपवर काय आलंय, इडलीचं पीठ फ्रीजमध्ये ठेवायचं का? यातला कोणता निरोप आत न्यायचा आणि कोणता संध्याकाळपर्यंत थांबवायचा, हे ठरवताना छातीत धडधडायचं. एका सासूबाईंना ताप आला होता. तो निरोप मी त्याच क्षणी पोहोचवला. बाकीचं मी फोनवरच सोडवलं, आणि माणसं दर वेळी म्हणाली, “हो का, मग राहू द्या, आम्ही बघतो.” एवढ्या घरांचा कारभार रोज कुणाच्या लिखाणाचे तुकडे करून चालतो, ते मला तिथे उभं राहून दिसलं.

रात्री पंगतीनंतर ज्याला वाटेल त्याने वाचायचं, असं होतं. सरांनी शेवटच्या रात्री सहावं प्रकरण वाचलं. कुणी लगेच “छान” म्हटलं नाही. त्यांनीच विचारलं, “यातला मुलगा खोटा वाटतो का?” आणि मग खरी चर्चा झाली.

आता मला ठामपणे सांगावंसं वाटतं. सरकारने २०१७ मध्ये भिलारला पुस्तकांचं गाव उभं केलं. तिथे घराघरांत पुस्तकं ठेवली, वाचणाऱ्यांसाठी दारं उघडली. लिहिणाऱ्यांसाठीही अशी दारं उघडली पाहिजेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून पुस्तकं सांभाळतं आहे; उद्या तिथे यायची पुस्तकं आज कुणाच्या तरी स्वयंपाकघरात अर्धवट पडली आहेत. मुरबाड, शहापूर, कर्जत, बदलापूर या पट्ट्यात वाडी असलेली कितीतरी घरं सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असतात. लागतं ते फार नाही. योग्य उंचीचं टेबल, चांगला दिवा, दोन वेळचं जेवण, आणि फाटकाशी फोन घेणारं एक माणूस. घर ज्यांचं असेल त्यांनी ते द्यावं. फाटकाशी उभं राहायला मी येईन, आणि जे शिकले ते सांगेन.