कारभाऱ्याची पदवी

रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, तोच कोर्लईचा एक तरुण चार-पाच छापील कागद हातात घेऊन समोर उभा राहिला. वाणिज्य शाखेतून बारावी झालेला हा मुलगा दोन वर्षे मुंबईच्या एका गोल्फ क्लबात खेळाडूंच्या पिशव्या वाहत होता. म्हणाला, "सर, मला ही पदवी घ्यायची आहे. तुम्ही हो म्हणालात, तर बाबा विहिरीजवळची वाडी विकणार आहेत."

कागदावर अमेरिकेतील अभ्यासक्रमाची माहिती होती : व्यवसाय प्रशासनाची पदवी, विशेष विषय गोल्फ व्यवस्थापन. आम्हांला हसू आले, हे कबूल केले पाहिजे. चेंडू खळग्यात घालण्याच्या खेळाचीही पदवी असते! मुलगा मात्र हसला नाही. आम्ही कागद घरी नेले, तीन रात्री वाचले, आणि आमचे हसू मावळले.

हा अभ्यासक्रम प्रथम १९७५ साली मिशिगन राज्यातील बिग रॅपिड्स या गावी, फेरिस स्टेट विद्यापीठात, तेथील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या सहकार्याने सुरू झाला. पुढे इतर विद्यापीठांनीही तो उचलला. त्यात हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यापारी कायदा व विपणन हे विषय तर आहेतच. त्यांखेरीज माती आणि गवत यांचे शास्त्र, खेळ शिकविण्याची पद्धत, स्पर्धांचे नियोजन आणि भोजनगृहाचा जमाखर्चही आहे. अभ्यासाला साधारण साडेचार वर्षे लागतात. त्यांतील सोळा महिने प्रत्यक्ष मैदानावर उमेदवारी करावी लागते. खेळण्याची परीक्षा वेगळीच : एका दिवसात छत्तीस खळगे, आणि ठरलेल्या गुणसंख्येच्या आत. म्हणजे पुस्तकी विद्वानालाही येथे सूट नाही आणि नुसत्या खेळाडूलाही नाही.

आमच्या हसण्याचे मूळ कोठे होते, याचा आम्ही प्रामाणिकपणे शोध घेतला. ज्याने पिशवी वाहिली त्याने पिशवीच वाहावी, असे आमच्याही मनाच्या कोपऱ्यात कोठेतरी बसले होते. हा खेळ साहेबांचा. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, चेंबूरचा १९२७ सालचा. तेथे आपल्या माणसाने हिरवळ कापावी, चेंडू शोधावा, सलाम करावा! पण दिल्लीच्या मैदानावर पिशव्या वाहिलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली, आणि ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. तेव्हा पिशवीवरून माणसाची उंची मोजू नये, एवढे आम्ही त्या तीन रात्रींत शिकलो.

प्रश्न राहिला वाडीचा. १७४० साली पोर्तुगीज हा किनारा सोडून गेले. पण कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत त्यांच्या भाषेतून घडलेली नौ लिंग आजही बोलली जाते. राज्य गेले आणि भाषा उरली. कारण ती बोलणारी माणसे आपल्या वाड्यांत, आपल्या विहिरींच्या काठी टिकून राहिली. आज दिवस पालटले आहेत. २०२० साली मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची मोटार समुद्र ओलांडून थेट आमच्या किनाऱ्यावर उतरू लागली. नारळी-पोफळींच्या जागी बंगले उठले. ज्याने वाडी विकली, तोच तेथे माळी वा पहारेकरी म्हणून राहिला, अशी उदाहरणे आपल्या वाचकांनीही पाहिली असतील. आपलीच जमीन दुसऱ्याच्या पगारावर झाडण्याचे दुःख ज्याचे त्यालाच ठाऊक.

मुलाचे म्हणणे याच्या उलट होते. "सर, मैदाने तर होणारच. खारघरला सिडकोने केलेच आहे. मग तिथे आपण झाडूवालेच का राहायचे? कारभार आपल्या हातात का नको?" यावर आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही.

मग आम्ही पाण्याचा विचार केला. अठरा खळग्यांच्या मैदानाला शंभर ते दीडशे एकर जमीन लागते, आणि ती हिरवीगार ठेवायला उन्हाळाभर पाणी. आमच्या किनाऱ्यावर मे महिन्यात विहिरींचे पाणी मचूळ होते. उपसा वाढला की समुद्र आत सरकतो. खाऱ्या पाण्यावर तग धरणारे सीशोर पास्पालम नावाचे गवत आहे, सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची रीतही आहे. पण त्या गवतावर थांबायचे की शेजारच्या विहिरीत पंप सोडायचा, हे ठरविणारा शेवटी कारभारीच असतो. संत लूकच्या शुभवर्तमानात धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावून कारभाराचा हिशेब मागतो. हा हिशेब केवळ पैशांचा असेल, तर मालक खूश होईल आणि गाव तहानेल. त्या कागदांत शंभर अटी होत्या. मैदानाच्या कुंपणाबाहेरची विहीर मात्र एकाही अटीत नव्हती.

चौथ्या दिवशी आम्ही बापलेकांना बोलावले आणि कागदाच्या मधोमध एक रेघ ओढली. डावीकडे येथे शिकता येण्यासारखे, उजवीकडे तेथेच मिळण्यासारखे. हिशेब, कायदा, संख्याशास्त्र जिल्ह्यातील वाणिज्य महाविद्यालयात मिळते. माती आणि पाणी यांची विद्या १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठात आहे. खेळ शिकविण्याचे प्रशिक्षण भारतीय गोल्फ संघाच्या राष्ट्रीय अकादमीत घेता येते. उजवीकडे फारच थोडे उरले : परदेशी शिक्का आणि तेथील सोळा महिन्यांचा अनुभव. त्या थोड्यासाठी साऱ्या कुटुंबाची वाडी द्यायची काय?

बाबांच्या डोळ्यांत पाणी तरळले. "सर, पोरगं साहेब होईल म्हणून मी विकायला निघालो होतो." आम्ही त्यांना नाबोथाची आठवण करून दिली. राजाने मोबदला देऊ केला, तरी त्याने वाडवडिलांचा मळा सोडला नाही. मात्र मुलाकडे वळून आम्ही हेही सांगितले, की वाडी राखणे म्हणजे स्वप्न पुरणे नव्हे. आधी येथली पदवी घे, मग शिष्यवृत्ती मिळवून खुशाल जा. त्याचा चेहरा उतरला होता. आमचा सल्ला योग्य होता की त्यात आमचे भित्रेपण मिसळले होते, याचा निवाडा आम्ही आजही करू शकत नाही.

तो वाणिज्य शाखेत दाखल झाला. गेल्या मे महिन्यात आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो विहिरीत गाठी मारलेली दोरी सोडून पाणी मोजत होता. दर रविवारी मिस्सेनंतर मोजतो आणि वहीत लिहितो. आम्ही विचारले, "हे कोणत्या अभ्यासक्रमात आहे?"

"अजून कोणत्याच नाही, सर," तो म्हणाला, आणि ओली दोरी गुंडाळू लागला.