फितूर

मराठीत फितूर म्हणजे आपली बाजू सोडून गेलेला माणूस. उर्दूत तोच शब्द आला की डोक्यातलं खूळ. वर्गात हा फरक मी दरवर्षी सांगतो, मुलं हसतात. इंग्रजीतला 'रेनेगेड' म्हणजे आपला मराठी फितूरच, हे मात्र मला एका कॅसेटमुळे कळलं.

कॅसेट मामूंच्या घरची, मुंबईत मदनपुऱ्यातली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही वाशीमहून अकोल्यापर्यंत मीटरगेजच्या गाडीनं जायचो आणि पुढं मोठ्या गाडीनं. मामेभाऊ तेव्हा कॉलेजात. कव्वालीच्या कॅसेटांमागं त्यानं 'रॉक एन रोल रेनेगेड' लपवून ठेवली होती. बँडचं नाव रॉक मशीन. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण छाती धडधडली. मामी आतून ओरडल्या, "अरे, बंद करो ये कल्ला!" कल्ला बंद झाला. भाऊ मात्र हळूच म्हणाला, "ये इनके अपने गाने हैं. अपने बंबई के लड़कों के."

त्याला एवढं अप्रूप का, ते पुढं समजलं. हा बँड १९८४ मध्ये मुंबईत सुरू झाला. गिटारवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन, गायला उदय बेनेगल. त्या काळी कॉलेजच्या फेस्टिवलात काय किंवा रंगभवनात काय, पब्लिकला परदेशी बँडांची गाजलेली गाणी हवी असायची, तीही जशीच्या तशी. ज्याची नक्कल हुबेहूब, तो बँड मोठा. मधेच स्वतःचं गाणं वाजवणं म्हणजे लोकांचा हिरमोड करण्याची जोखीम. कॅसेटचा धंदा बहुतेक सिनेमाच्या गाण्यांवर चालायचा. अशा दिवसांत या पोरांनी स्वतःची गाणी बांधली आणि १९८८ मध्ये सीबीएससारख्या मोठ्या कंपनीनं त्यांचा हा पहिला अल्बम काढला. १९९० मध्ये दुसरा आला. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं.

आज तो पहिला अल्बम ऐकला की परदेशी बँडांची सावली जागोजागी दिसते. भाषा इंग्रजी, वळणही तिकडचंच. असू दे. आमच्याकडे नवखा शायर उस्तादाच्या जमिनीत, म्हणजे त्याच वृत्तात आणि त्याच काफिया-रदीफात, ग़ज़ल लिहितो. जमीन उधारीची असते, शेर त्याचा स्वतःचा.

हे मला कळतं, शिकवतोही. तरी दहाएक वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी काय केलं ते सांगतो.

नववीतला एक मुलगा वही घेऊन आला. त्यानं स्वतः गाणं लिहिलं होतं. अर्धं आमच्या घरातली उर्दू, अर्धं वऱ्हाडी. दोन मित्र, एक उसनी गिटार आणि ढोलकाच्या जागी पाण्याचा रिकामा ड्रम. ताल मधेच सुटत होता, पण गाणं चांगलं होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर सांगतोय. पण पाहुणे येणार होते, पालक येणार होते. मी म्हणालो, "बेटा, लोकांना माहीत असलेलं काहीतरी घे. कव्वाली घे. हे पुढच्या वर्षी बघू."

त्यानं कव्वाली म्हटली. टाळ्या भरपूर पडल्या. पाहुण्यांनी शंभराची नोट दिली. पुढच्या वर्षी तो नाव द्यायला आलाच नाही, आणि मीही विचारलं नाही. दहावीच्या निकालाची धावपळ होती, असं मी स्वतःला सांगत आलो.

आता पाटणी चौकाजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या महिन्यात चार्जिंगची पिन बदलायला गेलो. त्यानं स्टूल पुढं केलं, चहा मागवला, पैसे घ्यायला तयार होईना. निघताना मी विचारलं, "ती वही आहे का रे अजून?"

"कोणती वही, सर?" तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाईकाचा मोबाईल हातात घेतला.